ओली भिंत

मागच्या खोलीचा जुना गिलावा ढलप्याढलप्यांनी खाली आला आणि थोरलीचा हातोडा हवेतच थांबला.

आतल्या थरावर बाबांचा पंजा उमटलेला होता. तो असणारच होता. बाबा गवंडी. भिंत पुरी झाली की दाराआड, जमिनीपासून हातभर वर, ओल्या गिलाव्यात पंजा टेकवायचे. खोलीखोलीत तो तिला सापडत आला होता. पण इथे त्या पंजाच्या तळव्यात आणखी एक हात होता. चिमणीच्या पंखाएवढा. तिने फुंकर मारून धूळ उडवली. करंगळी आत वळलेली होती, बाबांची होती तशीच.

तो हात तिच्या ओळखीचा होता. तिने त्याला वाढताना पाहिलं होतं.

बाबा गेल्यावर हे पडकं घर तिने हाती घेतलं. थापी बाबांची, शिकवणही बाबांची. दिवसभर लोकांच्या भिंती करायच्या आणि उरलासुरला जीव आपल्या भिंतींना द्यायचा. आधी स्वयंपाकघर झालं. बाबांच्या रीतीने तिने दाराआड आपला पंजा टेकवला. सकाळी पाहते तर शेजारी एक तान्हा हात. शेजारचं कुणी पोर येऊन गेलं असेल, म्हणून तिने मनावर घेतलं नाही. मग मधली खोली झाली. तिथला हात रांगत्या बाळाचा होता. जिन्याजवळचा शाळकरी मुलाचा. करंगळी सगळीकडे तीच. घरात ती आणि आई, दोघीच. दोघींच्याही करंगळ्या सरळ. तिने कुणाला काही सांगितलं नाही. रंग देताना तेवढी जागा मात्र ती सोडून द्यायची.

घर काही संपत नव्हतं. झालेल्या खोलीला पुन्हा ओल धरायची, पोपडे सुटायचे. नळवाल्याने पाइप पाहिले, छत पाहिलं, आणि डोकं खाजवत निघून गेला. थोरली पुन्हा गिलावा काढायची, पुन्हा करायची. आणि पुन्हा हात यायचा, आधीपेक्षा मोठा. बैठकीच्या खोलीतला शेवटचा हात तर तिच्या हातापेक्षा बोटाच्या पेराने लांब होता.

धाकटा भाऊ परगावी. फोनवर तिला चिडवायचा, लोक एका जन्मात दोन-दोन घरं बांधतात, आमच्या ताईचं एकच संपेना. तिघांचं ठरलेलं होतं. घर झालं की कुलूप लावायचं. आई धाकट्याकडे जाईल. थोरली दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कामावर. ते काम ती दरवर्षी पुढे ढकलत आली होती, आणि कंत्राटदाराने यंदा शेवटचं विचारलं होतं. आता फक्त ही मागची खोली उरली होती. आईची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. ही खोली तेवढी राहू दे, असं आई कितीदा तरी म्हणाली होती. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, असं थोरलीने धरलं.

आई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. हातात झाडांना पाणी घालायची झारी. कुंड्यांतली झाडं केव्हाच वाळून गेली होती, पण झारी काही आईच्या हातून सुटत नव्हती. थोरलीला त्याचं हसू यायचं.

"कुणाचा गं हा?" थोरलीने विचारलं.

आई भिंतीपाशी बसली. त्या इवल्या हातावर तिने आपलं बोट ठेवलं.

"तुझ्या पाठचा. नाव ठेवायच्या आत गेला. ही भिंत ओली होती तेव्हा. बाबांनी त्याचा हात आपल्या हातात धरून टेकवला. म्हणाले, घर त्याचंही आहे. मग त्यांनाच बघवेना. वरून पुन्हा गिलावा फिरवला."

बाकीच्या हातांचं आईला सांगावं का, याचा थोरली विचार करत होती. सांगायची गरजच नव्हती. आईला सगळे पाठ होते. ती रोज सकाळी एकेका खोलीत जायची, त्या खुणेत आपला तळवा बसवून बघायची. जिन्याजवळ तो फार हूड होता म्हणाली, बोटं नुसती घसटलेली आहेत, धड टेकलीसुद्धा नाहीत. बैठकीत आता शहाणा झालाय.

"कोरड्या भिंतीत त्याला येता येत नाही," आई म्हणाली. "ओली केली की येतो."

झारीच्या तोटीतून एक थेंब फरशीवर पडला. थोरलीने मागे पाहिलं. थेंबांची ओळ उंबऱ्यातून बाहेर गेली होती, जिन्याजवळून मधल्या खोलीत, मधल्या खोलीतून बैठकीत.

तिला आधी राग आला. सिमेंटने फाटलेल्या आपल्या बोटांकडे तिने पाहिलं. सोडून दिलेली कामं आठवली, एकाच भिंतीवर तीनतीनदा घातलेली वर्षं आठवली. आई झारी मांडीवर घेऊन बसली होती, मूल घ्यावं तशी.

फोन वाजला. धाकटा होता. विचारत होता, गाडी घेऊन कधी येऊ, झालं ना एकदाचं?

थोरलीने बैठकीत येऊन भिंतीवरून हात फिरवला. भिंत अजून खडखडीत कोरडी होती. दाराआडच्या त्या लांब बोटांच्या हातात तिने आपला हात ठेवला. तो आतून ऊबदार लागला.

"नाही रे," ती म्हणाली. "बैठकीला पुन्हा ओल धरलीय. अजून वेळ लागेल."

धाकटा हसला. तुझ्या भिंतींना सर्दीच फार, म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

थोरलीने मागच्या खोलीत येऊन आईच्या मांडीवरची झारी उचलली, नळाखाली काठोकाठ भरली, आणि बैठकीच्या भिंतीच्या पायाशी, रोपाला घालावं तसं, हळूहळू पाणी घातलं.