बरणीतले वीस गोचीड

दूध घालून झालं तरी आज कुणी घरी गेलं नाही. रिकामे कॅन पायाशी ठेवून पंधरा-वीस माणसं औषधाच्या दुकानासमोर उभी होती, आणि काउंटरवर होती एक काचेची बरणी, तोंडाला फडकं बांधलेली. शेजारच्या दूध केंद्राच्या कारकुनाने ती तीन दिवस आपल्या कपाटात कुलपात ठेवली होती. फडक्याच्या गाठीवर केंद्राचं सील होतं. नंतर कुणाला तोंड वर करून बोलायला जागा नको, म्हणून हा बंदोबस्त काउंटरपुढच्या बाईनेच सुचवला होता.

ती काउंटरच्या अलीकडे, औषधवाला पलीकडे. तिची तांबडी गाय गोचीड-तापाने गेली त्याला दोन महिने झाले होते. याच दुकानातलं गोचीड मारायचं औषध तिने बाटलीवरच्या मापाने तांबडीच्या अंगाला तीनदा लावलं होतं. गाय गेल्यावर औषधवाल्याने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "औषध चोख आहे हो. वहिनींनीच पाणी जास्त घातलं. एकेकाच्या हाताला गुण नसतो." ते बोलणं फिरत फिरत तिच्या घरी पोचलं. त्या दिवसापासून सासऱ्यांनी तिला सूनबाई म्हणणं सोडलं. तांबडीची कालवडही हिच्या हाताखाली जगायची नाही, ती विकलेली बरी, असं त्यांनी ठरवून टाकलं. गिऱ्हाईक आज संध्याकाळी येणार होतं.

कालवड तर तिला हवीच होती. पण त्याहून जास्त तिला या माणसाचं तोंड उतरलेलं पाहायचं होतं. तेही चारचौघांत, जिथे उभं राहून त्याने तिला बोल लावला होता तिथेच.

तीन दिवसांपूर्वी तिने कालवडीच्या अंगावरचे वीस गोचीड आणून त्याच्यापुढे ठेवले होते. ते चांगले टपोरे व्हावेत म्हणून आधी चार दिवस तिने ते वेचलेच नव्हते. त्या चार दिवसांत कालवडीच्या डोळ्याला डोळा द्यायचा तिला धीर झाला नाही, पण वेचले नाहीत ते नाहीतच. "माप तुमचं, पाणी तुमचं, हातही तुमचाच," ती म्हणाली होती. औषधवाला हसला होता. बाह्या सरसावून, सगळ्यांना दाखवत त्याने औषध कालवलं, बाटलीवर लिहिलंय त्याहून जरा कडकच. गोचीड त्यात चांगली पाच मिनिटं बुडवून ठेवले, निथळले आणि बरणीत टाकले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा त्याला कुठलं सुचायला.

"एका दिवसात साफ, असं बाटलीवर लिहिलंय, भाऊ," ती आता म्हणाली. "मी तुम्हाला तीन दिले."

"उघडा हो तुम्ही," औषधवाला कारकुनाला म्हणाला. "होऊन जाऊ दे एकदा दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी."

कारकुनाने सील तोडलं, फडकं सोडलं आणि बरणी काउंटरवरच्या पांढऱ्या कागदावर पालथी केली.

तीन गोचीड पडले ते पाय आखडून पडूनच राहिले. बाकीचेही क्षणभर निश्चल होते. मग एकाने पाय बाहेर काढले, मग दुसऱ्याने, आणि बघता बघता कागदभर वळवळ सुरू झाली. सगळ्यांत टपोरी मादी तेवढी जागची हलली नाही. तिच्या पोटाखाली तपकिरी अंड्यांचा पुंजका होता. गोचीडबाईने औषधात न्हाऊन वर बाळंतपणही उरकलं होतं.

मागे कुणीतरी फिदकन हसलं. मग तेही थांबलं, कारण प्रत्येकाच्या गोठ्यात हीच बाटली होती.

"हे... हे गोचीडच काहीतरी वेगळे आहेत," औषधवाला म्हणाला.

"वेगळे कशाने? बारा वर्षं तुम्ही हेच एक औषध आमच्या गळ्यात मारताय. मरणारे कधीच मेले, भाऊ. ही न मरणाऱ्यांची पोरं आहेत. तुमच्याच औषधावर पोसलेली."

"अहो वहिनी, असं काय करता? दुसरी बाटली घेऊन जा. पैसे नका देऊ."

"कशाला? यांना पाजायला?"

गर्दीतून सासरे पुढे आले. चष्मा नीट करून त्यांनी कागदावर वाकून बराच वेळ पाहिलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणून कळवतो."

दोन महिन्यांनी तो शब्द कानावर पडला होता. एरवी तिला रडूच कोसळलं असतं. पण तिची नजर औषधवाल्यावरून हलली नाही. तिचं उट्टं अजून पुरतं फिटलं नव्हतं.

एक गोचीड कागदाची कड ओलांडून काउंटरवर उतरला आणि हळूहळू औषधवाल्याच्या उघड्या मनगटाच्या रोखाने निघाला. औषधवाल्याच्या पाठीमागे फळ्यांवर वरपासून खालपर्यंत त्याच औषधाच्या बाटल्या होत्या, नुसता हात मागे केला तरी मिळतील अशा. सगळे बघत होते. औषधवाल्याने एकदा वळून बाटल्यांकडे पाहिलं. मग वाकून त्याने पायातली चप्पल काढली आणि गोचीडावर हाणली.

"वा, भाऊ," ती म्हणाली. "हाताला गुण आहे हो तुमच्या."