कडेची सीट

"आई, पासपोर्ट सापडला का?"

"शोधतेय रे," वत्सलाबाई म्हणाल्या. तो त्यांनीच तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवला होता.

निखिल लॅपटॉपवर युरोपच्या आठ दिवसांच्या सहलीची तिकिटं बघत होता. "विमानात तुला खिडकी! पुढे व्हिएन्ना ते प्राग बस. चार तास मध्ये कुठे थांबणारच नाही." वत्सलाबाईंना तासातासाला बाथरूमला जावं लागे, आणि मुलाला ते सांगायची लाज वाटे.

"बस नको, मला लागते," सून म्हणाली. "ट्रेनने जाऊ. आणि विमानात खिडकी मला. आईंना कडेची सीट घे, शेवटच्या रांगेतली."

"तुला कधीपासून बस लागायला लागली? आणि शेवटची रांग? तिथे शेजारीच बाथरूम असतं!"

"असू दे."

तिने वर पाहिलंही नाही. वत्सलाबाईंना मात्र कोल्हापूरचा प्रवास आठवला. 'चहा हवाय' म्हणत हिनेच चारदा गाडी थांबवली होती, आणि एरवी ही चहाला शिवतही नाही.

त्यांनी तांदळात कोपरापर्यंत हात घातला.

"सापडला गं!" त्या सुनेला म्हणाल्या.