चार दगड

सातला मावशीने शाळेचं फाटक उघडलं, व्हरांडा झाडला, नळाखालचे पेले विसळून पालथे घातले आणि ती शिडीने गच्चीवर गेली. उन्हावर चालणाऱ्या, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची काळी काच तिथे होती. सोमवारी तिच्यावर कबुतरांची घाण दिसल्यापासून मावशीने नेम धरला होता. तिने काच ओल्या फडक्याने लख्ख पुसली, वर घरची धुतलेली चादर पसरली आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. मुलांच्या पाण्याची वस्तू उघडी टाकू नये, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

सोमवारपासूनच यंत्र बंद होतं. आज, बुधवारी, मेकॅनिक आला. गच्चीवर पाऊल ठेवताच तो थबकला.

"मावशी, हे काय?"

"कबुतरं बसतात मेली. पाणी झाकूनच ठेवतात ना?"

त्याने हसू गिळलं. "पाणी झाका हो. हिला मात्र ऊन खाऊ द्या. तीन दिवस उपाशी ठेवलंत बिचारीला!"

मावशीने घाईघाईने दगड बाजूला केले आणि चादर ओढून काढली. तीन दिवस मुलं टाकीचं गढूळ पाणी प्याली होती. दुसरीतली दोन वेण्यांची मुलगी कालपासून पोट धरून घरी होती.

"सैल जोड होता असं सांगतो," मेकॅनिक हळूच म्हणाला. "तुमचं नाव कशाला मध्ये?"

मावशीला नोकरीत कायम करण्याचा कागद मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. तिने दगड चादरीत बांधले आणि ती त्याच्या मागोमाग खाली उतरली.

"सैल जोड? बसवून महिना झाला नाही तोवर?" बाईंनी चष्मा काढला. "मग यंत्र काढून न्या. नीट दुरुस्त करून आणा. मुलांच्या पोटाशी खेळ नको."

"पंधरा दिवस जातील, बाई," मेकॅनिक चाचरला.

"जाऊ देत."

त्याने पिशवीतून पाना काढला. मावशीकडे त्याला बघवेना.

मावशी पुढे झाली. तिने गाठोडं टेबलावर ठेवलं, गाठ सोडली आणि चारही दगड एकेक करून मांडले. चादर अजून उन्हाने गरम होती.

"यंत्राला काही झालेलं नाही, बाई. मीच त्याला पांघरूण घातलं होतं. त्या पोरीच्या घरीही मीच जाऊन सांगते."

बाईंनी चष्मा परत लावला आणि दगडांकडे पाहिलं. खिडकीतल्या वाऱ्याने टेबलावरचा मावशीचा कागद फडफडला. त्यांनी एक दगड उचलून त्याच्यावर ठेवला आणि त्या पेन शोधू लागल्या.

मावशी तोवर तिथे नव्हती. बाहेर यंत्र घुमू लागलं होतं, आणि ती पालथे पेले सुलटे करत होती.