बाकीच्या जातायत का?

"आई, बाकीच्या आया 'हो' म्हणेपर्यंत तू 'हो' म्हणणारच नाहीस का?" मैत्रिणींनी पैजेवर विचारायला लावलेला प्रश्न ऋजुताने एका दमात विचारून टाकला.

आईचं लाटणं थांबलं. "दीडशहाणे! आधी त्यांचं कळू दे."

ऋजुताने कपाळावर हात मारला. सोमवारी त्यांच्यातली सुमेधा कायमची नागपूरला जाणार, म्हणून चौघींना रविवारी सागरेश्वरला हरणं बघायला जायचं होतं. भेटी ठरवायच्या ॲपवर बेत टाकून आठवडा उलटला, तरी चारही नावांपुढे 'कदाचित'च! टिक करायचं मुलींनी आणि होकार अडलेला आयांपाशी. चारही घरांत एकच पालुपद, "बाकीच्या जातायत का?" ॲप काय डोंबल ठरवणार!

तिने फोनवर भराभर काहीतरी लिहिलं आणि बाबांनाही स्वयंपाकघरात बोलावलं. "आई, बाबा, दोघंही ऐका. शनिवारी सगळ्यांच्या आईबाबांना मी आत्ताच आपल्याकडे चहाला बोलावलंय. एकमेकांना काय ते समोरासमोर विचारून घ्या. आम्ही रविवारी निघतोय!"