ओली काच

“घ्या कंपनीचीच,” बायको म्हणाली.

त्याची पंचाईत झाली. गाडीची समोरची काच कंपनीचीच का हवी, यावर तो घरून पाच मुद्दे तयार करून आला होता. अजून पहिलाच चालू होता.

काच बसवणारा दोघांकडे आळीपाळीने बघत होता. “बाहेरचीही वाईट नसते, साहेब. निम्म्यात काम होईल. कोपऱ्यात शिक्का नसतो, एवढंच.”

“शिक्का पाहिजे,” तो म्हणाला.

“शिक्का पाहिजे त्यांना,” ती म्हणाली.

एरवी साधी बादली घ्यायची तरी चार दुकानं फिरणारी ही बाई. त्याला जरा संशय आला. पण जिंकलेला माणूस फार खोलात शिरत नाही.

काचेला खडा लागला होता हे खरं. पण खड्याने पडला तो तिळाएवढा तडा. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाला गुरुवारी. त्याने गाडीचं दार आपटलं तेव्हा.

दार तो नेहमीच आपटायचा. शेजारीपाजारी त्याला ‘धाडकन’ म्हणत. घरात दोन मुलं आणि तिखट कानांची आई, त्यामुळे नवरा-बायकोची भांडणं गाडीत व्हायची. आणि अलीकडे ती अशी व्हायची:

“अहो, मला बढती मिळतेय. पण दुसऱ्या शहरात. एकच वर्ष—”

धाड.

“शनिवार-रविवार मी घरीच—”

धाड.

“निदान ऐकून तरी—”

धाड. (हा गुरुवार.)

तीन आठवडे झाले, तिचं दुसरं वाक्य काही पूर्ण झालं नव्हतं. आणि होकार की नकार, ते ऑफिसला उद्या संध्याकाळी पाचच्या आत कळवायचं होतं.

काच बसली. तो मोबाइलचा टॉर्च लावून शिक्का वाचत होता, तेवढ्यात तिने किल्ली घेतली, सूचना ऐकल्या आणि गाडीत येऊन बसली.

“चोवीस तास दार आपटायचं नाही,” ती म्हणाली. “आतली हवा काचेला ढकलते. सीलंट ओलं आहे. काच सरकेल.”

“चोवीस?”

“कंपनीची आहे ना.”

तास पहिला.

घराखाली गाडी थांबली. “त्या बढतीचं—” ती म्हणाली. त्याने सवयीने दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला, उतरला, हात मागे नेला. मग शिक्का आठवला. दार हळू लावून रागावता येतं का, हे त्याने करून पाहिलं. झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तसं दोन्ही हातांनी दार टेकवलं. बाहेर उभा राहिला. राग कुठे गेला कळेना. बाहेर करण्यासारखंही काही नव्हतं. तो परत आत येऊन बसला.

“बोल,” तो म्हणाला.

तास दुसरा.

ती बोलली. पाणी तपासायची मोठी प्रयोगशाळा, हाताखाली अकरा माणसं, शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने घरी. तो म्हणाला, मुलांचं काय? तिने मुलांचं सांगितलं. तो म्हणाला, आईचं काय? आई तीन आठवड्यांपूर्वीच ‘तू जा गं’ म्हणाल्या होत्या. तो म्हणाला, लोक काय म्हणतील?

“लोक तुम्हाला आत्ता काय म्हणतात, ते ठाऊक आहे का?”

तास तिसरा ते पंधरावा.

जेवण, झोप, अंघोळ. गाडीचा संबंध नाही.

तास सोळावा.

तो तिला ऑफिसला सोडायला आला. ती उतरणार, एवढ्यात तो समोर बघत म्हणाला, “तुझं तिथे नीट चालणार नाही, अशी काळजी नाहीये मला.”

“मग?”

“फार नीट चालेल.” त्याने स्वच्छ स्टिअरिंग रुमालाने पुसलं. “मग परत कशाला येशील?”

तिने दाराच्या खटक्यावरचा हात काढला.

“वेडे आहात का हो तुम्ही?”

त्या दिवशी तिला ऑफिसात पोहोचायला चाळीस मिनिटं उशीर झाला. गाडी ऑफिसच्या दारातच उभी होती.

तास चोविसावा.

दुपारी ती लवकर निघाली. घरी जाताना त्याने गाडी काचवाल्याच्या दुकानासमोर घेतली. “सीलंट वाळलं का, विचारून येतो,” म्हणाला. ती गाडीतच बसली. मोबाइल मांडीवर. होकारही लिहिलेला, नकारही लिहिलेला. काहीच पाठवलेलं नाही.

“चोवीस तास?” काच बसवणारा हसला. “हे तासाभरात धरतं, साहेब. काच कुठलीही असो. मॅडमना सांगितलं होतं की मी. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की एकच तास ना म्हणून.”

तो तिथेच उभा राहिला. समोर गाडी होती. नव्या काचेतून बायको अगदी स्पष्ट दिसत होती. ती घड्याळ बघत होती, मग मोबाइल, मग पुन्हा घड्याळ.

तो येऊन बसला. “होकार पाठवून टाक,” म्हणाला. “पाच वाजायची वाट कशाला बघतेस?”

तिने पाठवला. दोनदा वाचून पाठवला. मग जरा वेळाने, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आणि सीलंटचं काय म्हणाले?”

“तू जाईपर्यंत काही वाळत नाही, म्हणाले.”