वाक्यांचा आवाज

सायत्री पाडवीचा मोहाच्या झाडांवरचा इंग्रजी प्रबंध यंत्रात गेला. वाक्य ज्याचं, त्याच्याच आवाजात यंत्र वाचायचं. उसनं निघालं की पदवी गेलीच म्हणायची.

पहिलं प्रकरण चक्क घोगऱ्या पुरुषी आवाजात उमटलं. सायत्रीचा चेहरा उतरला.

"अहो देशमाने, हे तर तुम्हीच बोलताय!" परीक्षकबाई हसल्या.

"तिचं इंग्रजी मोडकं होतं, म्हणून जरासं सुधारलं," मार्गदर्शक देशमाने पुटपुटले.

पुढचं प्रकरण सायत्रीच्या आवाजात आलं. वाक्यं लंगडत होती, पण मोहाची फुलं पहाटेच का गळतात, ते सगळ्यांना कळलं. देशमानेही डोळे मिटून ऐकत राहिले.

"पोरी, पहिलं प्रकरण पुन्हा लिही," परीक्षकबाई म्हणाल्या. "असंच लंगडं. पदवी थांबेल तुझ्यासाठी. आणि देशमाने, तुमचा लाल पेन इकडे द्या."