ऐकू न आलेली पाणबुडी

शिवराम पडते सकाळपासून युद्धनौकेवर हेडफोन लावून समुद्र ऐकत होते. बारापर्यंत त्यांना नवी पाणबुडी सापडली, तर तिचा प्रकल्पच बंद होणार होता. डिझेल इंजिनाने चार्ज केलेल्या बॅटऱ्यांवर ती कुठेतरी खोल चालली होती, आणि तिच्या अंगावर वाढवलेली जिवंत कातडी उरलासुरला आवाज गिळत होती.

सहा वर्षं पडत्यांनीच तिचा एकेक आवाज हेरून दिला होता. पंपाचा, पंख्याचा, अगदी स्वयंपाकघरातल्या झाकणाचासुद्धा. इंजिनिअर हेमांगी खानोलकरने तो प्रत्येक आवाज बंद केला होता.

"काका, मुद्दाम सोडू नका हं," शेजारी उभी असलेली हेमांगी म्हणाली.

"तीस वर्षांत कधी सोडलं नाही, पोरी."

त्यांना कोळंब्यांची कडकड ऐकू आली, दूरच्या ट्रॉलरचं इंजिन ऐकू आलं. बारा वाजले.

"कप्तानसाहेब, आसपास पाणबुडी नाही," त्यांनी इंटरकॉमवर छातीठोकपणे सांगितलं.

तेवढ्यात डेकवर एकच गलका झाला. दोघं धावत वर गेली. नौकेपासून शंभर हातांवर पाणबुडीची काळी पाठ पाण्याबाहेर आली होती.

पडते तिच्याकडे बघतच राहिले.

"माझ्या कानांना चकवणारी ही पहिलीच," ते म्हणाले, "आणि तीही आपली!"